मास्तरांच्या सुराचे नाव

वडिलांच्या प्रथम स्मृतिदिनाचे मिस्साबलिदान झाले. धर्मग्रामाच्या गायकवृंदातील तरुणांनी मोठ्या मायेने शेवटी 'आवे मारिया' गायिले. मास्तरांना ते आवडे, एवढे त्यांना ठाऊक होते. आवाज गोड होते, साथ नेटकी होती, उपस्थितांचे डोळे पाणावले. मंदिराबाहेर आल्यावर आम्ही आईला विचारले, "कसं वाटलं?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पोरांनी छान म्हटलं. पण हे नव्हं मास्तरांचं."

प्रस्तुत लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. वडील राहात्याकडच्या एका खेड्यात मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेचे आणि धर्मशिक्षणाचेही, हे आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांना निराळे सांगावयास नको. संध्याकाळची जपमाळ झाली की ते पेटी पुढे ओढीत. आधी एखादे भजन होई आणि दिवा मंद करण्यापूर्वी ती एक धून. तिला शब्द नव्हते. अखेरच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती ढळली. आम्हा मुलांची नावे गेली, गावाचे नाव गेले. परंतु त्या धुनेचे पहिले सहा सूर बोटांत शिल्लक होते. त्या सहा सुरांना नाव काय, हे त्यांच्या हयातीत कुणी विचारले नाही. आता विचारावे तर सांगणारा नाही.

अशा वेळी मनुष्य म्हणतो, नावात काय आहे? धून गोड होती, तेवढे पुरे. आम्हांस हे मान्य नाही. अर्धवट आठवणारा सूर हा पत्ता नसलेल्या पत्रासारखा असतो. तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, आपल्या घरापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे कळल्याखेरीज तो पुढच्या पिढीच्या हाती देता येत नाही. आमच्याच घरी तो एका वर्षात हरवला आणि त्याच्या जागी दुसराच सूर येऊन बसला.

आमच्या हाती पुरावे चारच होते. पहिला, ते सहा सूर: सा, मंद्र निषाद, पुन्हा सा, मग गंधार, आणि रिषभावरून परत सा. दुसरा, वडील भजने काळी एकमध्ये म्हणत. ही धून मात्र नेहमी काळी पाचवरूनच धरीत. तिसरा, ते म्हणत की बोर्डिंगात असताना मिशनच्या बंगल्यात फादरांच्या चावीच्या फोनोवर त्यांनी ती ऐकली. फादर स्वित्झर्लंडकडचे होते. चौथा पुरावा सर्वांत मोलाचा ठरला, पण आधी त्यानेच आम्हांस चकविले. रेकॉर्ड लावताना फादरांनी मुलांना सांगितले होते की ही गुहेतल्या मुलीची मरियामातेला केलेली प्रार्थना आहे.

गुहा, मुलगी आणि मरियामाता! कॅथलिक घरात वाढलेल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे लूर्दच उभे राहील. तेथे 1858 साली बर्नादेत्त या गरीब मुलीला गुहेपाशी पवित्र मरियेचे दर्शन झाले. आपल्या कितीतरी मंदिरांच्या आवारात दगडांची ती गुहा बांधलेली आहे. साहजिकच आम्ही लूर्दची मिरवणुकीतील गीते ऐकली. एकाचाही मुखडा त्या सहा सुरांशी जुळेना. आठवणीच्या रिकाम्या जागा आपण आपल्या श्रद्धेने भरून काढतो, आणि त्या भरलेल्या जागा पुढे आठवणीच वाटू लागतात. आमचे नेमके तेच झाले होते.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण सूर ओळखण्याचा हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. आकाशवाणीची संकेतधून घ्या. पहाटे केंद्र सुरू होताना वाजणारी ती व्हायोलिनची धून या देशातील कोट्यवधी लोकांच्या कानांत आहे. शिवरंजनी रागाची छाया असलेली ही धून वॉल्टर काउफमान या संगीतकाराची म्हणून ओळखली जाते. तो बोहेमियातून 1934 साली मुंबईस आलेला ज्यू निर्वासित होता. 1937 ते 1946 या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात तो पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होता. घरदार सुटलेल्या माणसाच्या सुराने आपली सकाळ उजाडत असे आणि त्याचे नाव आपणांस ठाऊक नसे. तसेच 1961 सालच्या 'छाया' चित्रपटातील तलत महमूद व लता मंगेशकर यांचे द्वंद्वगीत. सलील चौधरींनी त्याचा मुखडा मोझार्टच्या 1788 सालच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतला, हे संगीताच्या जाणकारांना माहीत असते. पण ज्याने आधी गीत ऐकले, त्याला पुढे कधी मूळ सिंफनी कानावर पडली तर 'हे कुठेतरी ऐकले आहे' म्हणून तो दिवसभर अस्वस्थ राहतो.

या अस्वस्थतेवर विद्वानांनी उपाय शोधले आहेत. 1948 साली न्यूयॉर्क येथे बार्लो व मॉर्गनस्टर्न यांनी सुमारे दहा हजार वाद्यसंगीत-मुखड्यांचा कोश प्रसिद्ध केला. प्रत्येक मुखडा एकाच मूळ स्वरात आणून त्याचे स्वर अक्षरांनी लिहावयाचे आणि शब्दकोशाप्रमाणे लावावयाचे, ही त्यांची युक्ती. आपल्याकडे सरगम लिहिणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. आपला षड्ज मुळातच चल असतो. गाणारा कोणत्याही पट्टीत गायिला तरी 'सा' तो 'सा'च. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांत बंद असलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून छापल्या, त्या याच बळावर.

1975 साली डेनिस पार्सन्स यांनी त्याहूनही सोपी वाट काढली. स्वरांची नावे ओळखण्याचीसुद्धा गरज नाही. पुढचा सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच लिहावयाचे. मोझार्टच्या त्या मुखड्याचा आराखडा मग असा होतो: खाली, तोच, वर, खाली, तोच, वर, खाली, तोच, वर. मास्तरांच्या सहा सुरांचा होतो: खाली, वर, वर, खाली, खाली. ज्याला सरगम येत नाही, अशी आजीदेखील हाताने हवेत हा आराखडा काढून दाखवू शकते.

आता तर मोबाइल फोनपुढे गुणगुणले की तो धुनेचे नाव सुचवितो. 2020 पासून ही सोय सर्वसामान्यांच्या हाती आली आहे. आमच्या मुलीने आम्हांस फोनपुढे बसविले. आम्ही गुणगुणलो आणि फोनने एका हिंदी चित्रपटगीताचे नाव पुढे केले. यात यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. आम्ही जे गुणगुणलो ते वडिलांचे होते. त्यात पेटीवरची मुरकी होती, भजनाची लय होती. मूळ सुरावर बसलेली ही साय बाजूला केल्याखेरीज ओळख पटणे अवघड होते. तेव्हा आम्ही जुन्या पद्धतीने, म्हणजे कान आणि कागद घेऊन बसलो.

'आवे मारिया' म्हणजे आपले 'नमो मरिये'. ही प्रार्थना शतकानुशतके असंख्य संगीतकारांनी स्वरबद्ध केली आहे. परंतु रेकॉर्ड, लग्ने आणि अंत्यविधी यांतून जी सर्वांच्या कानी पडते, ती बहुधा तीनांपैकी एक असते. या तिन्हींची सरमिसळ सर्रास होते. म्हणून ती निरनिराळी ओळखावी कशी, ते येथे सांगतो.

पहिली बाख आणि गूनो यांची. स्मृतिदिनी आमच्या मंदिरात झाली ती हीच. योहान सेबास्टियन बाखने 1722 साली सिद्ध केलेल्या संग्रहात सी मेजरमधील एक छोटी वाद्यरचना आहे. तिच्यात चाल अशी नाहीच. स्वरसमूह फोडून एकेक सूर झऱ्यासारखा सोडलेला आहे. शंभराहून अधिक वर्षांनी, 1853 साली, शार्ल गूनो या फ्रेंच संगीतकाराने त्या झऱ्यावर एक लांब चाल तरंगत सोडली आणि 1859 साली तिला 'आवे मारिया'चे लॅटिन शब्द मिळाले. ओळखण्याची खूण अशी: खाली साथीचे सूर अखंड धावत असतात आणि वर गायक एकच सूर दीर्घ धरून प्रवेश करतो. मास्तरांचा मुखडा मात्र पहिल्या पावलालाच खाली वाकतो आणि मग उठतो. म्हणून ही बाद. जाता जाता एक मौज. गूनोने वापरलेल्या प्रतीत बाखच्या रचनेत कुणीतरी मागाहून घुसडलेले एक जादा आवर्तन होते. ते गूनोच्या चालीत कायमचे राहून गेले. नक्कल करणाऱ्याची चूक प्रार्थनेत जाऊन बसली आणि आज ती काढू म्हटले तर चाल कोलमडेल.

दुसरी काचिनीची म्हणून सांगितली जाते. ही करुण, मायनर स्वरांची, पायरीपायरीने उतरत जाणारी; आणि शब्द केवळ दोनच, 'आवे मारिया', तेच पुन्हा पुन्हा. जुल्यो काचिनी हा इटालियन संगीतकार 1618 साली निवर्तला. पण ही रचना त्याची नव्हेच. लेनिनग्राडचा ल्यूटवादक व्लादिमीर वाविलोव याने ती केली आणि 1970 च्या सुमारास एका रेकॉर्डवर अज्ञात जुन्या संगीतकाराची म्हणून वाजविली. 1973 साली तो वारला. काचिनीचे नाव तिला त्यानंतर चिकटले. विचार करता कळते की प्रार्थनेचे दोनच शब्द घेऊन पुढचे सारे सोडून देणे ही काचिनीच्या काळाची रीत नव्हे. कान चाणाक्ष असेल तर स्वरांची ठेवणही तो काळ नाकारते. आमच्या शोधापुरते सांगायचे तर वडील बोर्डिंगात होते ती 1940 च्या दशकाची अखेर. तेव्हा ही रचना जन्मलीच नव्हती. म्हणून हीदेखील बाद.

उरली तिसरी, फ्रान्झ शुबर्टची. पेटीवर काळी पाच धरून आम्ही तिचा मुखडा वाजविला: सा, नि, सा, ग, रे, सा. आई आतल्या खोलीत तांदूळ निवडीत होती. तिचा हात थांबलेला आम्ही दारातून पाहिला.

तरीही समीक्षकाने भावनेवर निकाल देऊ नये, म्हणून उरलेले पुरावे तपासले. शुबर्टने हे गीत मुळात बी फ्लॅटमध्ये लिहिले आहे आणि पेटीवरची काळी पाच म्हणजे तोच सूर. चावीच्या फोनोची गती कमीजास्त होते आणि तिच्याबरोबर पट्टीही सरकते, हे ध्यानात घेऊन या पुराव्यास आम्ही दुय्यमच मानतो. निर्णायक ठरली ती गुहा. शुबर्टने हे गीत 1825 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिले. लूर्दच्या घटनेला तेव्हा तेहतीस वर्षे अवकाश होता. त्याने घेतलेले शब्द लॅटिन प्रार्थनेचे नव्हतेच. सर वॉल्टर स्कॉट यांच्या 1810 सालच्या 'द लेडी ऑफ द लेक' या दीर्घकाव्याच्या जर्मन भाषांतरातील एलेन या मुलीचे ते गीत आहे. तिच्या वडिलांवर राजाची इतराजी झालेली आहे. बापलेक डोंगरातील एका गुहेत आश्रयाला आहेत. सोबतच्या वृद्ध भाटाच्या वीणेवर ती मुलगी मरियामातेला आळवते. शुबर्टची पियानोची साथ पहिल्यापासून शेवटपर्यंत जी झुळझुळत राहते, ती त्या वीणेचीच आठवण. फादरांनी मुलांना अगदी खरे तेच सांगितले होते. लूर्द आम्ही आमच्या पदरचे घातले.

पुढे लोकांनी त्या चालीवर लॅटिन 'आवे मारिया' बसविले आणि एलेन विस्मरणात गेली. आमच्या मते यात लाभ झाला तसा तोटाही झाला. लाभ असा की एका कादंबरीवजा काव्यातील प्रसंग साऱ्या श्रद्धावंतांची प्रार्थना झाला. तोटा असा की गीताचा मूळ प्रसंग पुसला गेला. एलेन सुरक्षित मंदिरात उभी राहून गात नाही. खडकाचे अंथरूण, बाहेर भय आणि उशाशी संकटात सापडलेला बाप, अशा स्थितीत ती झोपण्यापूर्वी आधार मागते. आणि तिच्या प्रार्थनेच्या अखेरच्या कडव्यात ती लेक म्हणून आपल्या वडिलांसाठी विनविते. मास्तर ही धून दिवा मंद करण्यापूर्वी का वाजवीत, हे आम्हांस चाळीस वर्षांनंतर उमगले. त्यांनी ते झोपेपूर्वीचे गाणे म्हणून ऐकले होते आणि तसेच जपले. सुराचे नाव कळल्याने असा लाभ होतो.

काही वाचक विचारतील, मग हे गीत मंदिरात शोभते काय? प्रश्न जुना आहे. पोप दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी उपासनासंगीताविषयी आदेश काढून रंगभूमीच्या थाटाचे गायन मंदिराबाहेर ठेवण्यास सांगितले आणि ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिले. त्या कसोटीवर स्कॉटच्या नायिकेचे गीत सहज उतरणार नाही. उलट दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक संविधानात, मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, असे सांगितले. आमचे मत असे की शुबर्टचे गीत घरातील संध्याकाळच्या प्रार्थनेस अधिक साजते. मिस्साबलिदानात आपल्या मराठी भजनांनी जागा घ्यावी. स्वतः शुबर्टने 1825 साली वडिलांना लिहिलेल्या पत्रात म्हटल्याचे प्रसिद्ध आहे की आपण भक्ती कधी बळेच आणीत नाही. ती आपोआप दाटून आली तरच असे गीत लिहितो. भक्तीची ही कसोटी मंदिरातल्या गाणाऱ्यासही लावता येईल.

नावाचा आग्रह आम्ही आणखी एका कारणाने धरतो, आणि ते न्यायाचे आहे. दर नाताळात आपण मराठीतून आनंदाने गातो त्या शांत रात्रीच्या गीताची हकीकत पाहा. 1818 सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ते प्रथम गायिले गेले. शब्द धर्मगुरू योसेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची. गीत जगभर गेले आणि चाल मोठमोठ्या नावांवर खपू लागली. 1854 साली बर्लिनच्या राजदरबारी गायकवृंदाने ती मिखाएल हायडन यांची आहे काय, अशी साल्झबर्गला पृच्छा केली. तेव्हा वृद्ध ग्रूबरने 30 डिसेंबर 1854 रोजी खरी हकीकत लिहून दिली. तरी शंका पुरत्या मिटल्या नाहीत. 1995 साली मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत उजेडात आली, तिच्यावर चालकर्ता म्हणून ग्रूबरचे नाव होते, आणि वाद संपला. खेड्यातल्या शाळामास्तराच्या सुरावर मोठ्या माणसाचे नाव पडणे, यात आम्हां मास्तरांच्या मुलांना विशेष सल वाटतो.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. शुबर्टचे गीत आम्ही आईला पूर्ण ऐकविले. मुखडा झाला, ती म्हणाली, "हेच." पुढची ओळ आली आणि तिने मान हलविली: "इथं मास्तर असं जात नव्हते." ती चुकत नव्हती. मूळ गीतात मुखड्यानंतर साथीचे स्वरसमूह बदलत जातात आणि चाल त्यांचा हात धरून अनपेक्षित वळणे घेते. मास्तरांच्या पेटीवर तो हात धरावयास कुणी नव्हते. त्यांनी एकदाच की दोनदाच ऐकलेली चाल बिलावलच्या शुद्ध स्वरांत बसविली आणि जेथे वाट हरवली तेथे भजनी पद्धतीने परत षड्जावर आले. ज्या जिल्ह्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची व कीर्तनाची वाट दाखविली, तेथील कानाने शुबर्टला असे आपलेसे करावे हे नैसर्गिक आहे. याला चूक म्हणावे काय? परीक्षक म्हणून आम्ही म्हणू, होय, हे शुबर्टचे नव्हे. आणि तेच परीक्षक म्हणून हेही म्हणू की ते मास्तरांचे आहे, आणि त्याला मूल्य आहे.

म्हणून आम्ही दोन कागद केले. एकावर शुबर्टचे नाव, वर्ष आणि सरगम. दुसऱ्यावर मास्तरांची चाल, आईने सांगितली तशी, जेथे तिला आठवले नाही तेथे जागा कोरी सोडून. वाचकांस आमची विनंती एवढीच. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांतील आपल्या धर्मग्रामांत आजही काही वृद्ध मास्तर, त्यांच्या पत्नी, बोर्डिंगात वाढलेले आजोबा आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस जाताना वाटेत ते काय गुणगुणतात, ते ऐका. आजचा फोन नाव ओळखण्यात चुकेल, पण आवाज टिपून ठेवण्यात चुकणार नाही. सूर टिपा, कुणाकडून व कुठे ऐकला ते लिहा आणि 'बहुधा अमुक असावे' असे आपल्या मनाचे त्यात घालू नका. गुहा म्हटली म्हणून लगेच लूर्द लिहू नका.

दुसऱ्या स्मृतिदिनाला मंदिरात भजन होईल. घरी परतल्यावर, जपमाळ झाली की, काळी पाच धरून आम्ही मास्तरांची चाल वाजवू. कोऱ्या सोडलेल्या जागी काय येत होते, ते कदाचित आईला त्या वेळी आठवेल. न आठवले तर जागा कोरी राहील.